अमेरिकावालीचा शब्द

तिला तिकडून परत येऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी कॉलनीत तिला अजून ‘अमेरिकावाली’च म्हणत. दूधवाला म्हणे, वॉचमन म्हणे, आणि तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर तर जिन्यातून हाक मारत, “अमेरिकावाली, टपाल आलंय!” तिचं खरं नाव पाकिटावर छापलेलं असायचं, पण ते वाचायची त्यांना गरज वाटत नसे.

खरं तर ती तिकडे राहिली होती जेमतेम शिक्षणापुरती. ज्या विद्यापीठाचं नाव घेतलं की लोक सरसावून बसतात, अशा एका विद्यापीठात तिला शिष्यवृत्ती मिळाली होती. शिकली, परीक्षा संपली, आणि वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्याचा फोन आला म्हणून परतली. वडील वर्षभराने गेले. ती इथेच राहिली. गावाबाहेरच्या पंपांच्या कारखान्यात लागली आणि तिथेच मुरली. नवा पंप तयार झाला की चाचणीच्या शेडमध्ये त्याला पाण्याच्या हौदावर जोडायचं, मोटार सुरू करायची, व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत न्यायचा आणि दाब किती, पाणी किती, बेअरिंग तापतंय का, हे टिपत जायचं. दिवसभर घर्रर्र आवाजात उभं राहून संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा आई म्हणायची, “हळू बोल, मी बहिरी नाही झाले अजून.”

आई आणि ती, दोन खोल्यांचं घर. शेजारच्या इमारतीत दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. चौकातलं वडिलांचं चष्म्याचं दुकान तो चालवत असे. ती अमेरिकेला गेली त्याच वर्षी वडिलांच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला होता. दुसऱ्यांचे नंबर काढणाऱ्या माणसाला स्वतःच तक्ता दिसेना. दुकानात कोणीतरी बसायला हवं होतं. दादा तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. तो बसला आणि बसलाच. याबद्दल तो कधी काही बोलला नाही. उलट गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा, “माझी बहीण तिकडे शिकून आलीय.”

विद्यापीठाचं एक काम ती वर्षानुवर्षं करत होती, तेही फुकट. या भागातून जी मुलं तिकडे प्रवेशासाठी अर्ज करत, त्यांना भेटायचं, तासभर गप्पा मारायच्या आणि मुलाबद्दल आपल्याला काय वाटलं ते लिहून पाठवायचं. दर हिवाळ्यात ईमेलने चार-पाच नावं यायची. मग ती सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, वर्तमानपत्रांच्या खोलीशेजारच्या लाकडी टेबलाशी बसायची. मुलं इस्त्रीचे कपडे घालून यायची, आईवडील खाली फाटकाशी उभे राहायचे. मुलं पाठ केल्यासारखं बोलायला लागायची. ती म्हणायची, “ते राहू दे रे. तुला काय आवडतं ते सांग.” काही गडबडायची, काही खुलायची.

एवढ्या वर्षांत तिला भेटलेल्या मुलांपैकी एकाला प्रवेश मिळाला. तो मुलगा मुलाखतीत दोनदा जांभई देऊन, प्रत्येक प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊन गेला होता. तिने लिहिलं होतं, ‘हुशार असावा, पण बोलण्यात रस दिसला नाही.’ त्याला मिळालं. आणि जिच्याबद्दल तिने दोन पानं भरून जीव तोडून लिहिलं होतं, ती विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करणारी मुलगी राहून गेली. तेव्हा तिला कळून चुकलं की आपल्या लिहिण्याची किंमत भाजीवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीइतकी आहे. असली तर बरी, नसली तरी कोणी उपाशी राहत नाही.

पण हे कोणाला पटेल तर ना! हिवाळा जवळ आला की लोकांच्या वागण्यात गोडवा यायचा. बारावीतल्या मुलांचे आईबाप जिन्यात थांबून आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. नळ दुरुस्त करणारा एकदा नळ न तपासताच म्हणाला, “ताई, माझ्या साहेबांची मुलगी आहे, जरा शब्द टाका.” ती सगळ्यांना समजावून सांगायची की माझ्या शब्दाला तिकडे कोणी विचारत नाही. लोक समजूतदारपणे हसायचे. मोठी माणसं असंच म्हणतात, असं ते हसणं असायचं.

कॉलनीतल्या दातांच्या डॉक्टरांनी तर कहर केला. तिची एक दाढ ठणकत होती म्हणून ती गेली. डॉक्टरांनी खुर्ची मागे पाडली, दिवा लावला, तोंडात कापसाचे बोळे कोंबले, ती लाळ ओढणारी नळी अडकवली आणि मग शांतपणे बोलायला सुरुवात केली.

“मॅडम, आमचा चिरंजीव यंदा अर्ज करतोय.”

“आं,” ती म्हणाली.

“त्याला रोबो करायचा नाद आहे. एक केलाय त्याने. बादली उचलतो.”

“आं.”

“तुमच्याकडेच येईल मुलाखतीला. माझं काय म्हणणं आहे, मुलगा बुजरा आहे, तुम्ही त्याच्याकडून काढून घ्या. जरा जास्त उघडा. हां. म्हणजे तुम्ही समजून घ्याल ना?”

तोंड उघडं ठेवून, डोळ्यांवर दिवा घेऊन माणूस नाही तरी कसं म्हणणार? तिने हात हलवला. त्यांना तो होकार वाटला. दाढेत त्यांनी तात्पुरतं सिमेंट भरलं आणि पंधरा दिवसांनी पक्कं भरायला बोलावलं.

त्याच आठवड्यात रविवारी दादाने चहाला बोलावलं. वहिनींनी चांगले कप काढले होते, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. भाची सोफ्याच्या कडेला बसली होती. सगळे तिला ठमी म्हणत. सतरा वर्षांची झाली होती, उंचीने आईच्या वर गेली होती, तरी ठमीच.

“ठमी अर्ज करतेय,” दादा म्हणाला. “तुझ्याच विद्यापीठाला.”

आत्याने कप खाली ठेवला. “अरे वा,” ती म्हणाली. “कधी ठरलं?”

“ठरायचं काय? आत्या तिथलीच, मुलाखत घेणार आत्याच. घरचंच तर आहे सगळं.”

“दादा, नात्यातल्यांची मुलाखत मला घेता येत नाही.”

“का?”

“नियम आहे.”

“मग सांगू नकोस,” वहिनी म्हणाल्या, बिस्किटांची बशी पुढे करत. “त्यांना तिकडे काय कळतंय?”

“वहिनी, आडनाव एकच आहे.”

यावर दादाला हसू आलं. त्याला अजून सगळंच हसण्यासारखं वाटत होतं. “बरं, दुसरं कोणीतरी घेईल. तू त्याच्या कानावर घाल म्हणजे झालं.”

ठमीने आत्याकडे पाहिलं. ती अभ्यासात वर्गात पहिली होती, गणित तिला मनापासून आवडायचं, शेजारच्या मुलांना अपूर्णांक समजावून सांगताना ती कधी वैतागायची नाही. गुणी मुलगी. आणि वाचनालयातल्या त्या टेबलापलीकडे आत्याने अशीच गुणी मुलं रांगेने पाहिली होती. रात्री दिवा मालवताना आईने विचारलं, “होईल का गं तिचं?” तेव्हा ती कूस बदलून म्हणाली, “झोप आता.”

दुसऱ्या दिवशी तिने विद्यापीठाला कळवलं की यंदा माझी भाची अर्ज करते आहे. उत्तर लगेच आलं. प्रामाणिकपणे कळवल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते. घरातलं कोणी अर्जदार असेल त्या वर्षी मुलाखती घेता येत नाहीत, ना तिच्या ना इतर कोणाच्या. तिच्या भागात दुसरं कोणी नसल्यामुळे इथल्या मुलांच्या मुलाखती यंदा होणार नाहीत. मात्र त्याचा अर्जावर कोणताही परिणाम होणार नाही.

हे दादाला सांगायला ती दुकानात गेली. तो एका फ्रेमची दांडी गरम करून वाकवत होता. सगळं ऐकून घेतलं, फ्रेम खाली ठेवली.

“म्हणजे मुलाखतच नाही?”

“नाही. पण परिणाम होणार नाही म्हणतात.”

“परिणाम होत नसेल तर मुलाखत घेतात कशाला?”

हा प्रश्न तिने स्वतःलाही कितीदा विचारला होता.

“म्हणजे ऐक,” दादा म्हणाला, आणि एकेका बोटावर मोजायला लागला. “बाकीच्या गावांतल्या मुलांच्या मुलाखती होणार. आपल्या गावातल्या होणार नाहीत. कारण इथे तू आहेस. तू नसतीस, तर दुसरं कोणी असतं.”

“मी नसते, तर कोणीच नसतं, दादा.”

“कशावरून?”

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, दादा त्याच्याकडे वळला आणि ती बाहेर पडली.

बातमी कॉलनीत फिरायला वेळ लागला नाही. बादली उचलणारा रोबोही मुलाखतीविना राहिला होता. पंधरा दिवसांनी ती दाढ पक्की करून घ्यायला गेली, तर दवाखान्यातली मुलगी वहीतून मान वर न करता म्हणाली, “डॉक्टरांना महिनाभर वेळ नाही.” महिन्याने गेली तेव्हाही नव्हता. तो सगळा हिवाळा तिने डाव्या बाजूने चावून काढला.

ठमीने मात्र आत्याचा राग धरला नाही. अर्जाबरोबर निबंध पाठवायचा होता तो तिने आत्याला दाखवला. वडिलांच्या दुकानात पहिल्यांदा चष्मा लावलेली माणसं दारात जाऊन बाहेर बघतात, आणि समोरच्या झाडाला वेगवेगळी पानं आहेत हे कळल्यावर त्यांचे चेहरे कसे होतात, त्यावर लिहिलं होतं. चांगला होता. आत्याने दोन शब्द इकडचे तिकडे केले आणि तिच्या लक्षात आलं की ते पहिल्यासारखेच बरे होते. तिने ते परत जागेवर ठेवले. असे चांगले निबंध तिकडे पोत्यांनी येत असतील, हे मनातून जाईना. हे सांगून करायचं काय, तेही कळेना.

अर्ज गेला. परीक्षेआधीच्या सुट्टीत एके दिवशी आत्या डबा घरी विसरली, तर ठमी तो घेऊन कारखान्यात आली. फोरमनने तिला कानात घालायला बोळे दिले आणि शेडमध्ये सोडलं. मोठा पंप चाचणीला लावला होता. जमीन थरथरत होती, हौदात पाणी धबधबा पडत होतं. आत्या एका हाताने व्हॉल्व्ह फिरवत होती आणि दाबमापकाच्या काट्यावर नजर ठेवून होती. ठमी जवळ येऊन उभी राहिली. थोडा वेळ बघत राहिली. मग तिच्या कानाशी वाकून ओरडली,

“आत्या, मला मिळेल का?”

आत्याने कानाकडे बोट दाखवून मान हलवली. ऐकू येत नाही. ठमीने पुन्हा विचारलं नाही.

चाचणी संपली, मोटार बंद झाली, आणि अचानक पसरलेल्या शांततेत दोघी चालत फाटकापर्यंत आल्या. बसथांब्यावर कोणी नव्हतं.

“आत्या, तुला ऐकू आलं होतं.”

“हो.”

“मग?”

“मला माहीत नाही गं ठमे. खरंच माहीत नाही. ते कोणाला घेतात आणि का घेतात, ते मला एवढ्या वर्षांत कळलेलं नाही.”

“पण तुला काय वाटतं?”

आत्याने रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. बस येत नव्हती. यायला हवी होती तेव्हा नेमकी येत नव्हती.

“मला वाटतं, तू आणखी दोन-तीन ठिकाणी अर्ज करून ठेव,” ती म्हणाली.

ठमीने मान डोलावली. मुलगी हुशार होती, तिला तेवढं पुरलं. बसमध्ये चढताना ती म्हणाली, “बाबांना नको सांगू, मी विचारलं ते.”

निकाल सकाळी लागायचा होता. दादाने आईला आणि बहिणीला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, सात वाजता आमच्याकडे या. दुकानातलं बोलणं झाल्यापासून तो बहिणीशी कामापुरतंच बोलत होता, पण त्या सकाळी त्याने तिला स्वतः खुर्ची दिली. त्याने दाढी केली होती. वहिनींनी केसांत कंगवा फिरवतानाच चहाचं आधण चढवलं होतं. कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर होता. ठमीने पासवर्ड घातला, चुकला, परत घातला.

मग ती वाचत राहिली. दोनच ओळी होत्या, पण ती बराच वेळ वाचत होती.

“काय म्हणतात?” दादाने विचारलं.

“नाही म्हणतात.”

“नीट वाच.”

“बाबा, नाही म्हणतात.”

दादाने आपला चष्मा चढवला, पुढे वाकून स्वतः वाचलं. त्याला इंग्रजी वाचता येत होतं, तरी तो बहिणीला म्हणाला, “तू बघ जरा.” तिने बघितलं. यंदा फार चांगले अर्ज आले, निर्णय कठीण होता, आम्हाला खेद वाटतो. तिने मान हलवली. आई कोपऱ्यातून विचारत होती, “झालं का? झालं का?”

रडायला कोणीच लागलं नाही. ठमी उठली, बेसिनपाशी जाऊन तोंड धुऊन आली आणि म्हणाली, “बाबा, दुकान उघडायची वेळ झाली.”

दादा दुकानात गेला, पण दुपारी त्याने बहिणीला कारखान्यात फोन केला. “संध्याकाळी दुकानात ये. इथली संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ. आपण त्यांना फोन लावू.”

“दादा, फोन करून काही होत नाही.”

“एकदा लावून तर बघ. एवढी वर्षं त्यांचं काम केलंस. कोणीतरी ओळखत असेल तुला.”

कोणी ओळखत नव्हतं. तिला वर्षातून तीन ईमेल यायचे आणि खाली दरवर्षी वेगळ्याच माणसाचं नाव असायचं. पण आयुष्यात स्वतःसाठी तिच्याकडे काही न मागितलेला भाऊ आज फोन करायला सांगत होता. ती गेली.

दादाने शटर अर्धं ओढून घेतलं होतं. वहिनी आणि ठमी बाकावर बसल्या होत्या, समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. ठमी म्हणाली, “बाबा, कशाला?” पण अगदी हळू. आत्याने प्रवेश कार्यालयाचा नंबर लावला. दादाने तो स्पीकरवर टाकायला लावला आणि काउंटरवर ठेवला, फ्रेमच्या पेटीला टेकवून.

आधी एक ध्वनिमुद्रित बाई बोलली. अमुक हवं तर एक दाबा, तमुक हवं तर दोन दाबा. मग संगीत सुरू झालं. सगळे ते संगीत ऐकत बसले. छान होतं, पियानोचं. मध्येच ते थांबायचं, सगळे पुढे सरसावायचे, आणि ती बाई पुन्हा सांगायची की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. दादा मान डोलवायचा, जणू ती त्याच्याशीच बोलत होती.

शेवटी एका मुलीचा उत्साही आवाज आला. ठमीपेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठी असेल. आत्याने आपलं नाव सांगितलं, किती वर्षांपासून मुलाखती घेते ते सांगितलं.

“अरे वा, फारच छान!” मुलगी म्हणाली. “तुम्ही जे करता त्याबद्दल आम्ही तुमचे फार आभारी आहोत.”

“माझ्या भाचीने यंदा अर्ज केला होता.”

“हो का? किती छान!”

“तिला प्रवेश मिळाला नाही. मला एवढंच विचारायचं होतं की... पुन्हा विचार होण्याची काही सोय असते का?”

मग तोच आवाज, पण आता जपून पावलं टाकणारा. “निर्णय अंतिम असतात. कोणत्याही अर्जाबद्दल आम्ही बोलू शकत नाही. तुम्हाला किती वाईट वाटत असेल, ते मी समजू शकते.”

“तिची मुलाखत झाली नव्हती. माझ्यामुळे. मी कळवलं म्हणून.” तिचा आवाज चढला होता, दुकानाच्या काचेच्या कपाटांवर आदळून परत येत होता. “ते कुठे लिहिलेलं आहे का तुमच्याकडे?”

“त्याचा काहीही परिणाम होत नाही, याची खात्री बाळगा. तुम्ही पुढच्या वर्षीही आमच्याबरोबर असाल अशी आशा करते. तुमचा दिवस छान जावो!”

फोन बंद झाला. वहिनींनी विचारलं, “काय म्हणाली?”

“आभार मानले,” दादा म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं. “तुझे आभार मानले त्यांनी.”

“दादा, माझ्या हातात काही नव्हतं.”

“तुझ्या हातात कधीच काही नसतं.” तो ओरडला नाही. काउंटरवरच्या फ्रेम एकेक करून पेटीत ठेवत होता. “मी कॉलेज सोडलं, तेव्हाही तुझ्या हातात काही नव्हतं.”

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती; तिकीट आलं होतं, वडील म्हणाले जा, आई म्हणाली जा, आणि दादा स्वतः तिची बॅग डोक्यावर घेऊन स्टेशनवर आला होता. तिने तेव्हा काय करायला हवं होतं, हे तिला आजही सांगता आलं नसतं. “खरंच नव्हतं,” ती म्हणाली. ते तिलाही ऐकायला वाईट वाटलं.

“बरं,” दादा म्हणाला. “जा तुम्ही आता. आई वाट बघत असेल.”

तिला वाटलं, तिला आणि ठमीला मिळून म्हणाला. पण ठमी त्याच्याचबरोबर शटर लावायला थांबली होती.

ठमीला तीन तासांवरच्या गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली. बसथांब्यावर सोडायला सगळे गेले. दादाने सामान टपावर चढवलं, दोर ओढून बघितला. ठमीने आजीला मिठी मारली, मग आत्याला, आणि आत्याच्या कानात म्हणाली, “बाबांचं मनावर घेऊ नको.” आत्याने म्हटलं, “नाही गं.” बस सुटल्यावर दादा आणि वहिनी एका बाजूने गेले आणि ती आईचा हात धरून दुसऱ्या बाजूने. रस्ता एकच होता, तरी.

दातांच्या डॉक्टरांचा मुलगा दुसऱ्याच कुठल्या तरी देशात शिकायला गेला. त्यानंतर डॉक्टरांना अचानक वेळ मिळायला लागला. त्यांनी तिची दाढ पक्की करून दिली आणि तोंडात नळी घालून मुलाच्या वसतिगृहाचं वर्णन केलं. पुढच्या हिवाळ्यात विद्यापीठाचा ईमेल आला, खाली नवंच नाव. तिने लिहिलं की यापुढे मला जमणार नाही. त्यांनी आभार मानले. इथल्या मुलांच्या मुलाखती तेव्हापासून होतच नाहीत. तरी अजून कोणी ना कोणी जिन्यात तिला थांबवतं. ती म्हणते, मी ते काम सोडलं. लोक म्हणतात, “सोडलं तरी ओळख तर असेलच ना?”

मधल्या काळात तिचा चष्म्याचा नंबर वाढला. दाबमापकाचे काटे दोन दिसायला लागले, तरी तिने महिनाभर तसंच रेटलं. गावात चष्म्याची आणखी दुकानं होती. पण जन्मभर ज्या दुकानात चष्मा केला त्याच्यासमोरून चालत जाऊन दुसऱ्याकडे शिरायचं, हे तिच्याने होईना. एकदा आकडा चुकला आणि चांगला पंप नापास झाला, तेव्हा फोरमन म्हणाला, “बाई, आधी डोळे दाखवून या.”

ती गेली ती दुपारची, गर्दी नसते तेव्हा. दादाने मान वर केली. खुर्चीकडे हात दाखवला. काचा बदलायची ती जड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली, डावा डोळा झाकला, तक्त्यामागचा दिवा लावला.

“वाचा,” तो म्हणाला.

तिने मागे वळून बघितलं. तिला वाटलं, दुसरं कोणी गिऱ्हाईक आलं असेल. मागे कोणी नव्हतं.

“वरची ओळ वाचा,” दादा म्हणाला.

तिने वाचली. दुसरी वाचली. तिसरीत अडखळली. त्याने एक काच काढली, दुसरी घातली. “आता? आधीचं बरं, की हे बरं?”

“आधीचं.”

“आणि आता?”

“आता बरं आहे, दादा.”

“दुसरा डोळा.” त्याने चिठ्ठीवर नंबर लिहिला, तीच जुनी फ्रेम ठेवायची की नवी विचारलं, आणि तिने जुनीच म्हटल्यावर तिचा चष्मा ठेवून घेतला. चष्म्याशिवाय तिला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. “परवा या,” तो म्हणाला.

ते तसंच राहिलं. दोन्ही घरांत येणंजाणं आहे, ठमी सुट्टीत आली की सगळे एकत्र जेवतात, ठमीचं कॉलेज बरं चाललंय, ती तिथल्या मेसच्या पाण्याबद्दल तक्रार करते आणि दादा हसतो. पण बहिणीला तो ‘अहो’ म्हणतो. गेल्या महिन्यात आईला ताप चढला तेव्हा घाईघाईत त्याने आईच्या खोलीतून हाक मारली होती, “अगं, थर्मामीटर कुठे ठेवलास तू?” तिने धावत नेऊन दिला. संध्याकाळी आईचा ताप उतरला, तो निघायला उठला, चपला घालताना म्हणाला, “काही लागलं तर कळवा.”